एका नंबरची दोन घरे

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मी हौसेने राउटरवर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली, आणि घरचे इंटरनेटच गेले! पहाटे लंडनहून लेक व्हिडिओवर येणार होती. आमच्या तळमजल्यावर मोबाइलला रेंज नाही. सौ. काही बोलली नाही, हे अधिक वाईट.

नव्या प्रणालीत वाय-फाय मुळात बंदच होते. संगणकाला तार जोडली. राउटर भेटला, जग काही भेटेना. दोन वाजता उलगडा झाला : मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि नव्या प्रणालीत राउटरचाही तोच! एका नंबरची दोन घरे. पोस्टमन बिचारा काय करणार? राउटरला १९२.१६८.२.१ दिला, वाय-फाय सुरू केले.

उटणे लागले तेव्हा लेक पडद्यावर होती.

“बाबा, डोळे का हो लाल?”