'रणांगण' : लढाई न दाखवणारी युद्धकादंबरी

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ सालची. त्याच वर्षी दुसरं महायुद्ध पेटलं. पण नाव 'रणांगण' असूनही कादंबरीत आघाडी नाही, तोफा नाहीत. आहे ती युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट आणि तिच्यावरचे हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू.

चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण. प्रेमभंगाने पोळलेला, बायकांविषयी मनात कडवटपणा. बोटीवर त्याला हॅर्टा भेटते. तिला घर नाही, देश नाही, तरी ती जीव ओतून प्रेम करते. तो मात्र कच खातो. त्याला उतरायला मुंबई आहे. तिला कुठलंच बंदर आपलं नाही. दोघांमधली खरी दरी हीच.

वंशद्वेष, राष्ट्रवाद आणि माणसाची भीती यांची लढाई बेडेकर मनांत लढवतात. शेवटाकडे हॅर्टाची पत्रं येतात, तेव्हा चक्रधरचा भेकडपणा त्याने न सांगताही उघडा पडतो.

माझ्या मते मराठीतली ही सर्वांत धीट छोटी कादंबरी. वाचली असेल तर सांगा : चक्रधरला तुम्ही माफ कराल?