ताडोबा ते भामरागड : मुलांना घेऊन जंगलात जाताना



मागच्या पालकसभेनंतर एक पालक थांबले. दिवाळीच्या सुट्टीत ते मुलांना घेऊन ताडोब्याला जाऊन आले होते. म्हणाले, "म्याडम, जिप्सी केली, पहाटे चारला लेकरायले उठवलं, अन् वाघच नाई दिसला. पैसे पाण्यात गेले." मी विचारलं, गाइडने काय काय दाखवलं? "तो झाडाबिडाचं काहीतरी सांगत होता. आम्ही म्हटलं ते राहू दे, वाघाकडं चल."

त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात आहे, चौथीत. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, तर त्याला एक गोष्ट पक्की आठवत होती. गाइडकाकांनी सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं आणि हात लाल झाला. घरी येऊन त्यानेही तसं करून पाहिलं होतं.

आपण मुलांना जंगलात नेतो तेव्हा सोबत वाटाड्या असतो आणि बहुतेक वेळा आपण त्याला ड्रायव्हरचा मदतनीस समजतो. चंद्रपूर-गडचिरोलीत असा प्रवास कुठून कुठे करता येतो, वाटाड्याकडून काय शिकावं आणि त्याचं ऐकलं नाही तर काय होऊ शकतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

ताडोब्यापासून सुरुवात करू. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, अंधारी अभयारण्य १९८६ चं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर क्षेत्र साधारण ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि त्याभोवती बफर. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, शाळा आहेत. तुमच्या जिप्सीत बसणारा गाइड याच गावांपैकी एखाद्या गावचा असतो. आता मुलीही गाइड म्हणून काम करतात, आणि आपल्या शाळेतल्या मुलींनी ते पाहावं असं मला फार वाटतं. बफरमधल्या गावांतल्या शाळांसाठी प्रकल्पाचा 'चला माझ्या ताडोबाला' हा उपक्रम आहे. तुमची शाळा त्या भागात असेल तर जरूर चौकशी करा.

गाइड गाडी थांबवतो, इंजिन बंद करायला सांगतो आणि काहीच करत नाही. मुलं कंटाळतात, आपणही. तो ऐकत असतो. चितळ ओरडलं, मग वानर ओरडलं, मग पुन्हा सगळं शांत. वानर झाडाच्या शेंड्यावर बसलेलं असतं, त्याला लांबचं दिसतं. चितळाचं नाक तिखट. एकटं चितळ ओरडलं तर ते नुसतं बिचकलेलंही असू शकतं. पण वानर एकाच दिशेला बघून ओरडत राहिलं तर गाइड त्याला जास्त किंमत देतो. किती पुरावे मिळाले म्हणजे निष्कर्ष काढायचा, हे विज्ञानाच्या तासाला आपण फळ्यावर शिकवतो. इथे ते कानांनी शिकता येतं. म्हणून पालकांना माझी एकच विनंती : गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न "वाघ कुठं आहे?" हा विचारू नका. "दादा, तुम्ही लहानपणी या जंगलात कशाला यायचे?" असं विचारा. मग मोह निघतो, तेंदू निघतो, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल निघते, आणि उन्हाळ्यात ऐनाच्या खोडात साठलेलं पाणीही निघतं.

गाडीतून खाली उतरायचं नाही, हा नियम मुलांना शिक्षेसारखा वाटतो. त्यांना खरं कारण सांगा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा भागात पायी फिरून वाघांच्या खुणांची नोंद घेताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जंगल जाणणारी, रोज तिथे वावरणारी बाई होती ती. मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला गेलेल्या माणसांच्या अशा बातम्या आपल्या जिल्ह्यात दर वर्षी येतात. गाइडच्या गावातही असं घर असू शकतं. "खाली उतरू नका" हे तो कागदावरचा नियम म्हणून सांगत नसतो.

आता धबधब्यांकडे येते. आपल्याकडे सह्याद्रीसारख्या खोल दऱ्या नाहीत. टेकड्या ठेंगण्या, नद्या रुंद. तरी मूल तालुक्यात मारोड्याजवळचा सोमनाथ, चिमूर तालुक्यातला मुक्ताई असे धबधबे पावसाळ्यात गजबजतात. सोमनाथला शंकराचं देऊळ आहे आणि जवळच बाबा आमट्यांनी उभा केलेला सोमनाथ प्रकल्प, जिथे उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणी भरते. शाळेची सहल मात्र भर पावसाळ्यात धबधब्यावर नेऊ नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजची १४ मुलं बुडाली, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. काही शिक्षक या नियमांवर कुरकुरतात. मी कुरकुरत नाही. कारण खाली सांगते.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही तीन शिक्षक कुटुंबं एका लहान धबधब्यावर गेलो होतो. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चूक जागेची नव्हती. गावातल्या एका गुराखी काकांना वाट दाखवायला सोबत घेतलं होतं. पाणी गुडघाभर, ऊन पडलेलं, मुलं एका सपाट खडकावर बसून पाय बुडवत होती. काका काठावर बिडी ओढत होते. एकदम उठले आणि म्हणाले, "म्याडम, लेकरायले बाहेर काढा. पाला येऊन रायला."

मी आधी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ. आमच्यातले एक सर म्हणाले, "काका, ऊन पडलंय, दहा मिनिटं बसू द्या ना." काका काही बोलले नाहीत. धोतर गुडघ्यावर खोचून पाण्यात शिरले आणि माझ्या मुलीचा हात धरून तिला ओढतच बाहेर आणलं. मग आम्ही बाकीच्यांना हाका मारल्या. मुलीच्या चपला तिथेच राहिल्या, ती त्यांच्यासाठी रडत होती. पंधरा मिनिटांनी तो खडक दिसेना. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्यातून एक अख्खी फांदी गेली. घरी येईपर्यंत गाडीत कुणी फारसं बोललं नाही. मी आभाळ पाहत होते, काका पाणी पाहत होते.

असं का होतं, ते मुलांना जरूर समजावून सांगा. आपण ज्या ओढ्यात उभे असतो त्याचं पाणी आपल्या डोक्यावरून येत नाही, वरच्या टेकड्यांवरून येतं. तिथे तासाभरापूर्वी जोराचा पाऊस झाला असेल तर खडकाळ उतारावर पाणी मुरत नाही, सगळीकडून धावत एकाच ओढ्यात येतं. पहिलं पाणी काठावरचा वाळका पाला आणि काटक्या उचलतं, म्हणून आधी पाला दिसतो. मग पाण्याचा रंग बदलतो. आवाज जड होतो. मघाशी कोरडा असलेला दगड ओला होतो. यातलं एक जरी दिसलं तरी बाहेर पडायचं, आणि ओढ्याच्या कडेकडेने खाली पळायचं नाही, बाजूच्या उंच जागेवर चढायचं. पलीकडच्या काठावर अडकायचं नाही. चपलांसाठी परत जायचं नाही.

वर्गात करून दाखवायचं तर सोपं आहे. पत्र्याचा तुकडा तिरका ठेवा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि खाली पाणी पोचायला किती आकडे मोजावे लागतात ते मुलांना मोजू द्या. मग त्याच पत्र्यावर कोरडं गोणपाट अंथरून पुन्हा ओता. झाडं असलेली टेकडी आणि बोडकी टेकडी यांतला फरक मुलं स्वतःच सांगतात.

लांबचा प्रवास नोव्हेंबर ते जानेवारीत करा. पावसाळ्यात तीन महिने ताडोब्याचं कोअर बंद असतं आणि गडचिरोलीत रस्ते तुटतात. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीला पोचता येतं. वाकडी वाट करून वैनगंगेकाठी मार्कंड्याची कोरीव देवळं पाहता येतील. तिथे दक्षिणेला जाणारी नदी उत्तरेकडे वळते, ते मुलांना होकायंत्र देऊन तपासू द्या. आष्टीच्या पुढे चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्ह्याचा नकाशा असतो, तो सोबत ठेवा.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला साधारण १६ किलोमीटरवर 'वनवैभव' आहे. सहा हेक्टरचा हा तुकडा कुऱ्हाड न लावता राखून ठेवला आहे आणि २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. सागाची झाडं इतकी उंच की शेंडा बघताना टोपी पडते. इथे मुलांना एकच काम द्या : चार जणांनी हात धरून खोडाला कवेत घ्या आणि किती हात लागले ते वहीत लिहा. आणि दहा मिनिटं गप्प बसा. शिक्षकांनाच ते जास्त अवघड जातं!

पुढे हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ ला इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याबद्दल मुलांनी ऐकलेलं असतं. प्राण्यांसाठी सगळे जातात, तुम्ही शाळेसाठीही जा. माडिया बोलणारी मुलं मराठी कशी शिकतात, हे आपल्यासारख्यांनी पाहण्यासारखं आहे.

तिथून तीन किलोमीटरवर भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तिघींचा संगम. पावसाळ्यात "भामरागडचा संपर्क तुटला" ही बातमी आपण दर वर्षी वाचतो. गंमत म्हणजे भामरागडात पाऊस नसतानाही पूल बुडू शकतो. इंद्रावती ओडिशातून निघून बस्तर ओलांडून येते. तिकडच्या पावसाने ती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकू शकत नाही, मागे तुंबतं आणि ठेंगण्या पुलावर चढतं. म्हणजे आमच्या ओढ्याचीच गोष्ट, फक्त शेकडो किलोमीटर मोठी. तिथल्या माणसांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

वेळ असेल तर सिरोंच्याला जा. वाटेत कमलापूरचा हत्ती कॅम्प, राज्यातला एकमेव सरकारी. सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनासोरचे आणि दगड झालेल्या झाडांचे जीवाश्म मिळाले आहेत. इथे मुलांना जगाचा नकाशा दाखवा. फार पूर्वी भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि अंटार्क्टिका एकत्र होते, त्या भूखंडाला जगभर 'गोंडवाना' म्हणतात. हे नाव गोंडांच्या भूमीवरून, म्हणजे आपल्या या मध्य भारताच्या पट्ट्यावरून पडलं. आपल्याकडच्या कोळशाच्या थरांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. तेच झाड ऑस्ट्रेलियात सापडतं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने जवळपास १६ किलो दगड शेवटपर्यंत सोडले नव्हते. त्यांतही तेच पान होतं.

ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम अंतर्भागाला 'आउटबॅक' म्हणतात. तिथेही लोक वाटाड्या घेऊन घळी आणि धबधबे पाहायला जातात, आणि उत्तरेकडचे रस्ते पावसाळ्यात बंद होतात, अगदी आपल्यासारखे. उलुरू नावाच्या प्रचंड खडकावर चढायला पूर्वी गर्दी व्हायची. तो तिथल्या आदिवासींचा पवित्र खडक. त्यांनी नको म्हटलं आणि ऑक्टोबर २०१९ पासून चढणं बंद झालं. आपल्याकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावाच्या जंगलात शिरताना आधी गावाला विचारायचं असतं, हेही सहलीच्या सूचनांमध्ये लिहा.

मुक्कामाचं थोडक्यात सांगते. मोहर्लीला पर्यटन महामंडळाची सोय आहे, आलापल्ली भागात वनविभागाची विश्रामगृहं आहेत, पण आधी आरक्षण करा. शाळेच्या सहलीला एसटीची सवलत मिळते. पोलीस ठाण्याला कळवून जा. गडचिरोली म्हटलं की पालकांच्या पोटात गोळा येतो. त्यांच्याशी आधी बसून बोला, नुसतं संमतीपत्र पाठवू नका. मोबाइलला रेंज नसेल तिथला निरोप कसा पोचेल, तेही त्यांना सांगा.

आणि मच्छरदाणी. राज्यात मलेरियाचे रुग्ण गडचिरोलीत फार असतात. संध्याकाळनंतर मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. परत आल्यावर महिनाभरात कुणालाही ताप आला तर साधा समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही गडचिरोलीला जाऊन आलो, आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. सहलीनंतर महिनाभर मी हजेरी घेताना हाच प्रश्न विचारते.