सात वर्षांच्या दोघांचा सोमवार

डिसेंबरातला कुठलाही सोमवार घ्या. मुलगा पॅरिसचा, मुलगी हेलसिंकीची. दोघंही सात वर्षांची. त्याचं हे शाळेतलं पाचवं वर्ष, तिचं पहिलं. फ्रान्सने २०१९ मध्ये तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं केलं; त्याआधीही त्या वयाची बहुतेक मुलं बालशाळेत जातच होती. फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी, आणि तिच्याआधी एकच सक्तीचं वर्ष, तेही मुख्यतः खेळण्याचं.

सकाळी ८. हेलसिंकीत काळोख आहे, उजाडायला सव्वानऊ होतील. मुलगी एकटीच शाळेला निघते. जाकिटाला चमकणारा परावर्तक लोंबतोय. अंधारात पायी चालणाऱ्याने तो लावायचाच, असा तिथला कायदा आहे. घरचे दारातूनच निरोप देतात. या देशाची शिक्षणपद्धती मला या रस्त्यावरच सुरू होताना दिसते.

८.३०. पॅरिसचा मुलगा आईचा हात सोडून फाटकातून आत जातो. आता साडेचारपर्यंत तो सतत कुणातरी मोठ्या माणसाच्या नजरेखाली असेल.

९ ते ११. त्याच्यासमोरची वही पाहण्यासारखी आहे. दोन ठळक रेघांमध्ये दोन-दोन मिलिमीटरवर तीन बारीक रेघा. ‘ए’ पहिल्या रेघेपर्यंत, ‘टी’ दुसऱ्या, ‘एल’ थेट तिसऱ्या. सेयेस नावाच्या पुस्तकविक्रेत्याने १८९२ मध्ये आणलेल्या या आखणीवर पिढ्यान्‌पिढ्यांचं अक्षर घडलंय. फिनलंडने मात्र २०१६ पासून जोडून लिहिण्याचं वळण सक्तीच्या अभ्यासातून काढलं, टंकलेखनावर भर दिला. त्या वहीचा मला मोह पडतो. हाताला लागलेली शिस्त पुढे उपयोगी पडते असं मला मनापासून वाटतं. पण पंचेचाळीस मिनिटं झाली, की मुलगी पंधरा मिनिटं अंगणात बर्फात लोळतेय, हेही दिसतं.

११. हेलसिंकीत जेवण. बटाटे, मासे, कुरकुरीत पाव, दूध. प्रत्येकाला फुकट, बापाचा पगार कितीही असो. १९४३ चा हा कायदा, १९४८ पासून अमलात.

११.३० ते १.३०. पॅरिसमध्ये दोन तासांची सुट्टी. शाळेच्या ताटात चार-पाच पदार्थ हवेत, असा सरकारी नियमच आहे. भाजी आणि चीज हेही शिकण्याचेच विषय. इथे पैसे द्यावे लागतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे.

दुपारी १. मुलीची शाळा सुटली! कुणी शाळेनंतरच्या मंडळात थांबतं, कुणी किल्ली घेऊन रिकाम्या घरी जातं. फिनलंडचं गुणगान करणारे ही मोकळी दुपार सांगतात, पण ती पेलणारं गाव सांगत नाहीत: पायवाटा, हळू चालणाऱ्या गाड्या, हाकेच्या अंतरावरचं ग्रंथालय. ते नसेल तर नुसती शाळा लवकर सोडून मूल मोकळं होत नाही, बेवारस होतं. परीक्षांचे आकडे इथे निवाडा करत नाहीत: पिसा चाचणीत गणितात फिनलंड २००३ मधल्या ५४४ वरून २०२२ मध्ये ४८४ वर घसरला, फ्रान्स ५११ वरून ४७४ वर.

१.३०. पॅरिसमध्ये पुन्हा वर्ग. शुद्धलेखन. बाई सावकाश वाक्य सांगतात, मुलं उतरवून घेतात.

४.३०. फाटक उघडतं, हातात खाऊ येतो. ज्यांचे आईवडील कचेरीत आहेत ती सहापर्यंत शाळेतच, देखरेखीखाली अभ्यासाला बसतात. फ्रान्सवर लांब दिवसाचा आरोप होतो. मला त्यात आईच्या नोकरीची सोय आणि घरी कुणी शिकवणारं नसलेल्या मुलाची काळजीही दिसते.

संध्याकाळी ६. मुलगी वाचनाचा धडा वाचून दाखवतेय. फिनलंडमध्ये गृहपाठ नसतो असं आपल्याकडे सर्रास सांगतात, ते खरं नाही; थोडा असतोच. लेखी गृहपाठावर बंदी आहे ती फ्रान्समध्ये, प्राथमिक शाळांत, १९५६ च्या परिपत्रकाने. ती सगळीकडे पाळली जात नाही, आणि पालकच गृहपाठ मागतात.