मस्टरबाहेरची माणसं

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमला लागूनच म्हैसूर विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर आहे. विद्यापीठ १९१६चं, पण हा परिसर १९६०चा, आणि त्याला नाव दिलं तेव्हाचे कुलगुरू, कवी कुवेंपु यांनी. त्यामुळे सरस्वतीपुरमच्या मेन-क्रॉसमधल्या भाड्याच्या खोल्यांत पीएच.डी.ची मुलंमुली नेहमीच असतात. त्यांतल्या एखाद्या मराठी मुलीने श्रम आणि रोजगार हा विषय घेतला, तर तिच्यापुढे आजवरचं काय मांडून ठेवलेलं आहे, आणि काय कुणीच धड हाताळलेलं नाही?

म्हैसूर आणि मराठी मुलूख यांचं समाजशास्त्रातलं नातं जुनं आहे. एम. एन. श्रीनिवास म्हैसूरचे. पदव्युत्तर अभ्यासासाठी ते मुंबईला आले ते मालवणच्या गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली, आणि म्हैसूरमधल्या विवाह-कुटुंबावरचं त्यांचं पहिलं पुस्तक १९४२ साली आलं. लहानपणी घरामागच्या बंडिकेरीतलं धनगरांचं जग पाहून आपण कसे चक्रावलो, ते त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. घरामागे पाहायची ही सवय कामगार-संशोधनाला मात्र फारशी लागली नाही. (१९७० साली स्टॅनफर्डला आग लागून श्रीनिवासांची रामपुरा गावाची टिपणं जळाली. पीएच.डी.च्या मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी. बॅकअप घेण्यावरची सगळी व्याख्यानं वाचतील.)

मराठी मुलखातलं कामगार-संशोधन गेलं ते गिरणीच्या दारात. त्याला कारणही होतं. गिरणीत मस्टर होतं, पगारपत्रक होतं, आणि १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस उघडून ‘लेबर गॅझेट’ सुरू केल्यावर मजुरी, संप, कुटुंबाचा खर्च असं सगळं छापील मिळू लागलं. धनंजयराव गाडगीळांचं भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं १९२४चं पुस्तक म्हणजे मुळात केंब्रिजच्या एम.लिट.चा प्रबंध. तेच गाडगीळ १९३०पासून पुण्याच्या गोखले संस्थेत बसून सर्वेक्षणांची परंपरा उभी करतात. १९३८ साली गो. रा. प्रधानांनी मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांवर पुस्तक लिहिलं. पुढे राजनारायण चंदावरकर केंब्रिजहून गिरणगावाकडे पाहतात आणि १९९४च्या ग्रंथात सांगतात की संप समजायचा तर केवळ खात्यातलं भांडण पाहून चालणार नाही, चाळ, उधारी आणि गावचं नातंही पाहावं लागेल. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या, अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपावर सविस्तर ग्रंथ लिहिला तो ह्यूब व्हॅन वेर्श या डच अभ्यासकाने. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली गिरणगावच्या माणसांना त्यांच्याच शब्दांत बोलतं केलं, आणि माझ्या मते या सगळ्यांत पुन्हा पुन्हा उघडावं असं पुस्तक तेच आहे.

मस्टर जिथे संपलं, तिथे संशोधनही पातळ होत गेलं. असंघटित क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००४-०५च्या आकड्यांवरून सांगितलं की देशातले ९२ टक्के कामगार अनौपचारिक आहेत. म्हणजे आपल्या कपाटातले बहुतेक प्रबंध उरलेल्या आठ टक्क्यांवरचे, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. हेमलता दांडेकरांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव गावाचा अभ्यास करून १९८६ साली पुरुष मुंबईला आणि बायका घरी अशा संसाराचं पुस्तक लिहिलं, तेव्हा गिरणीच्या मस्टरवर कधीच न चढलेली, पण गिरणी चालवणारी मजुरी दिसायला लागली. बीडच्या ऊसतोडीत तर मोजणीचं एककच निराळं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचं. २०१९ साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली तेव्हा कुठे त्या वहीतली बाई स्वतंत्रपणे मोजली गेली, आणि तीही आजारी म्हणून.

एक उदाहरण उलट्या दिशेचं आहे. पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बायकांना संघटनेचं ओळखपत्र मिळालं, पुढे महापालिकेनेही त्याला मान्यता दिली. कुठलाही मालक नसलेल्या कामाचं मस्टर तयार झालं ते असं.

पदवीचा व्यवहार थोडक्यात सांगतो. परळची नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची महाराष्ट्र कामगार अभ्यास संस्था मूळची १९४७ची, टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ची, नोएडाची व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था १९७४ची. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद झालं, पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, सुरुवातीला कोर्सवर्क. नेटमध्ये कामगार कल्याण, औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ व्यवस्थापन एकाच पेपरात कोंबलेले आहेत, आणि नोकरीच्या बाजारात त्यांतलं शेवटचंच खपतं. एचआरमध्ये एम.बी.ए. केलेली मुलं कामगारांवर प्रबंध लिहायला घेतात आणि ‘एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन’ची शंभर प्रश्नांची प्रश्नावली भरून आणतात. असे प्रबंध मी भरपूर चाळले आहेत. त्यांत समाधानी कामगार फार आढळतात.

म्हैसूर या मुलीला विषय पुरवायला कमी पडणार नाही. जावा मोटरसायकलचा कारखाना इथे १९६१ ते १९९६ चालला, आणि गिरणगावाशी तुलना करायला तो उत्तम आहे. पण तिथे पुन्हा मस्टरच. उदबत्ती निराळी. म्हैसूरच्या उदबत्तीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती बायकांनी घरी वळली, मजुरी हजार काड्यांमागे, आणि यंत्रं आल्यावर वळणाऱ्या हातांचं काय झालं हे बायकांच्या दारोदार फिरूनच कळेल. कर्नाटकाने २०२५ साली गिग कामगारांचा कायदा केला. त्यात कंपन्यांनी डिलिव्हरीवाल्यांची मंडळाकडे नोंद करायची, आणि प्रत्येक मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क भरायचं. महाराष्ट्राच्या १९६९च्या माथाडी कायद्याचा सांगाडा ज्याला पाठ आहे, त्याला हा ओळखीचा वाटेल. एकच मालक नसलेल्या हमालाला मंडळ देण्याची कल्पना तिथलीच. या दोन कायद्यांची नीट तुलना मराठीत कुणी केली तर ती मी आधी वाचीन.

तरी मी सुचवीन तो विषय गलाईवाल्यांचा. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतून निघालेली ही माणसं देशभरच्या सराफ पेठांत सोनं-चांदी शुद्ध करतात. जुना दागिना मुशीत वितळवायचा, त्यात तिप्पट चांदी मिसळायची, नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं, आणि तांबूस धूर फुप्फुसात जातो. यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी दहा माणसं असली तरच १९४८चा कारखाना कायदा, तो होता तोवर, लागू व्हायचा. इथे तीन-चार असतात. शिवाय भट्टीवरचं पोरगं मालकाला मामा म्हणतं, आणि पुष्कळदा तो खरोखरच मामा असतो. मग हा नोकर, की शिकाऊ, की भाचा? पगार ठरलेला की लग्नाचा खर्च उचलायचा? पुढे त्याला दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान काढून दिलं, तर तो जमा झालेला पगार की उपकार? रोजगाराच्या अभ्यासात याहून अवघड आणि याहून चांगला प्रश्न शोधून सापडणार नाही.

सुवर्ण नियंत्रण कायदा १९६८ ते १९९० होता, तेव्हा या धंद्याने काय केलं, हे सांगणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. २०२१पासून हॉलमार्क सक्तीचा होत गेला, त्याचा छोट्या भट्टीवर काय परिणाम झाला, हे तरुणांना विचारावं लागेल. म्हैसुरात भट्टीवर उभं राहून विचारलं तर फारसं कुणी बोलणार नाही. गिऱ्हाइकाचं सोनं समोर असताना अनोळखी माणसाशी कोण बोलेल? त्यांची नावं शोधायची ती खानापूर तालुक्यातल्या विटा भागातल्या देवळांच्या जीर्णोद्धाराच्या फरश्यांवर आणि यात्रेच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकांत. देणगीदाराचं नाव, गाव आणि धंद्याचं शहर असा मजकूर जिथे मिळेल, तिथे यादी आपोआप तयार होते. माणसं लग्नसराईत गावी येतात आणि मोकळेपणाने बोलतात. सहा वर्षांतल्या दोन लग्नसराया विट्याला जाणार, हे मार्गदर्शकाला पहिल्याच आराखड्यात लिहून द्यावं, नाहीतर रजेच्या अर्जावर सही मिळायची नाही.