नऊची शाळा, सहाचं ऊन

चौथीपर्यंतच्या शाळा जून २०२४ पासून सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवायचं ठरलं. महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासन निर्णय निघाला. मग रिक्षावाल्या काकांपासून संस्थाचालकांपर्यंत सगळ्यांनी आपापली गाऱ्हाणी मांडली. या गदारोळात सूर्याला मात्र कुणी विचारलं नाही.

आपल्या सोलापुरात जूनमध्ये साडेपाचला फटफटतं आणि सहाच्या आत ऊन येतं. पूर्वेच्या खोलीतलं चार वर्षांचं पोर घंटा नऊची झाली म्हणून आठपर्यंत झोपेल, ही आशा भाबडी आहे. उत्तरेची खोली सावलीची, हा समजही या दिवसांत फसतो. ऐन जूनमध्ये सूर्य सोलापूरच्या किंचित उत्तरेकडून जातो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन त्या खिडकीतही शिरतं.

म्हणून मग दुकानांत ‘ब्लॅकआउट’ पडद्यांची विचारणा होते. यात दोन जाती. एकीत विणतानाच मधे काळा धागा घातलेला असतो. कापड मऊ पडतं, पण कडक उन्हात थोडा उजेड झिरपतो. दुसरीत मागे लेप असतो, त्यातला एक थर काळा. हा पडदा अंधार पक्का करतो, पण कडक असतो आणि धुण्यात जपावा लागतो. दुकानातच मोबाइलचा टॉर्च कापडामागे धरून बघा. रंगावर जाऊ नका. काचेकडची बाजू पांढरी असली की ऊन थोडं परततं, गडद असली की पडदाच तापतो. आपली सोलापुरी चादर दोन खिळ्यांवर टांगण्याचा उपाय घरोघरी आहेच. जाडीला ती कुणाला हार जाणार नाही, पण उन्हासमोर धरली की विणीतून ठिपके दिसतात.

खरी चोरी होते ती कापडातून नव्हे, कडांतून. रॉड चौकटीच्या माथ्याला चिकटवून लावला की वरून उजेडाचा पट्टा थेट छतावर पडतो आणि पाळण्यातल्या बाळाची नजर तिथेच असते. रॉड वीतभर वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच पुढे घ्यावा, टोकं भिंतीकडे वळवावीत, वर रॉड झाकणारं पेल्मेट असेल तर उत्तम. चौकटीच्या आत बसणाऱ्या रोलर ब्लाइंडला दोन्ही कडांना फट राहतेच. महागडा ब्लाइंड लावून ही फट बघत बसणारे पालक पुष्कळ आहेत.

आणि एवढं करून खोलीची भट्टी होते. आतला पडदा अंधार देतो, पण काच ओलांडून आत आलेली उष्णता फारशी बाहेर घालवू शकत नाही. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांना हे ठाऊक होतं. हातभर जाड भिंती, लहान खिडक्या, त्यांना लाकडी झडपा. झडप लावली की दुपारीही मिट्ट काळोख. तिरक्या फळ्यांची असेल तर वाराही येतो. आपण त्या काढल्या आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या, ज्या कितीही सरकवा, अर्धीच खिडकी उघडतात. मग वर शेकड्यांनी रुपये मोजून पडदे. माझं मत विचाराल तर मुलाच्या खोलीच्या एका खिडकीला सुताराकडून झडप करून घ्यावी. ते जमत नसेल तर बाहेरून बांबूची चटई सोडावी आणि आत साधा अस्तराचा पडदा.

पडद्याकडून फार अपेक्षाही नको. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात बसवलं, तर झोप आणणारं मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी घसरलं. मुलं फक्त दहा होती, पण २०२२ मध्ये संशोधकांच्या त्याच गटाला मंद उजेडातही मोठी घट दिसली. म्हणजे हॉलमधली ट्यूब आणि मालिका रात्री दहापर्यंत चालू असेल, तर पडद्यावरचा खर्च वाया. उलट सकाळी उठायच्या वेळी तोच पडदा सर्रकन उघडावा; शरीराचं घड्याळ त्या उजेडावरच लागतं.

एक गोष्ट मात्र विकत घेताना बघाच: लोंबणारी दोरी किंवा मण्यांची साखळी. तिचा फास गळ्याला बसून मुलं दगावली आहेत, म्हणून अमेरिकेत उद्योगाच्या २०१८ च्या मानकानुसार तयार मापाचे ब्लाइंड बिनदोरीचे, नाहीतर हाताला न लागणाऱ्या किंवा आखूड दोरीचे असावे लागतात. आपल्याकडे दुकानदार आपणहून हे सांगेल असं नाही. दोरी असलीच तर ती भिंतीवरच्या खुंटीला उंच गुंडाळून ठेवावी आणि मुलाचा पलंग खिडकीपासून दूर सरकवावा.