वही हरवली, माल शाबूत!

दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला, द्वारकेच्या घरी गेलो तर बाबांनी एक हार्ड डिस्क हातात दिली. आजोबांनी जमवलेले सगळे फोटो तिच्यात. संगणकाला डिस्क दिसत होती, आत मात्र एकही फाइल नाही. आजोबा आता नाहीत, त्यामुळे घरात सगळे गप्प होते.

डिस्कवर दोन गोष्टी असतात, माल आणि मालाची वही. स्टोअरचं लेजर जळालं तरी बूट फळीवरच असतात, फक्त कोणते कुठे ते सांगता येत नाही. फाइल सिस्टीमचंही तसंच. वही गेली की मालाची जागा संगणकाला रिकामी वाटते आणि तो तिथे नवीन काहीतरी लिहितो. माल खरा जातो तो तेव्हा. म्हणून बिघडलेल्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, बॅकअपसुद्धा दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा.

दिल्लीतच २३ नोव्हेंबर २०२२ ला एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, रुग्णांची नोंदणी हाताने करावी लागली. हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती नव्या सर्व्हरवर आणली. तरीही बहुतेक कामं सुरू व्हायला दोन आठवडे गेले! बॅकअप असला म्हणजे झालं, असं मला आधी वाटायचं.

डेटाबेसची आणखी एक गंमत आहे. तो चालू असताना नुसती फाइल कॉपी केली तर अर्धी जुनी, अर्धी नवी प्रत मिळते. हजेरी चालू असताना मुलांनी जागा बदलल्या तर जे होईल तेच. म्हणून आधी पूर्ण प्रत उतरवतात, मग त्यानंतरच्या बदलांची नोंद, म्हणजे लॉग, क्रमाने तिच्यावर चढवतात. आणि बॅकअप उतरवून पाहिला नसेल तर तो आहे असं धरू नये. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत चुकून डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की नेहमीचा बॅकअप तयारच होत नव्हता. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. मधल्या नोंदी गेल्याच.

आमचा बॅकअप आत्याच्या कपाटात निघाला. नव्या डिस्कवर उतरवला, दहा-बारा फोटो उघडून पाहिले, आईने आणखी पन्नास पाहिले. पण तो आजोबांच्या शेवटच्या गणपतीआधीचा आहे. त्या दहा दिवसांचे फोटो जुन्या डिस्कवरच आहेत. ती मी पाकिटात बंद करून ठेवली आहे, नाताळच्या सुट्टीत बाबांबरोबर डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेणार आहे. तोपर्यंत ती कुणीही संगणकाला लावायची नाही, असं पाकिटावर लाल पेनने लिहिलंय.