भावाची मुलं, शहराची बाग

फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड पस्तिशीला आले तरी त्यांचं बस्तान कुठेच बसलं नव्हतं. चीनला जाणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून जाऊन आले, स्टेटन आयलंडवर शेती केली, अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडून तिथल्या गुलामगिरीविषयी वृत्तपत्रात लिहिलं. मग १८५७ उजाडलं. सप्टेंबरात त्यांना न्यूयॉर्कच्या होऊ घातलेल्या सेंट्रल पार्कवर देखरेखीची नोकरी मिळाली आणि नोव्हेंबरात धाकटा भाऊ जॉन क्षयानं नीस इथे वारला. मागे राहिली त्याची पत्नी मेरी आणि तीन मुलं. शेंडेफळ तर त्याच वर्षी जन्मलेलं.

पुढच्याच वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासोबत केलेला त्यांचा आराखडा पार्कच्या स्पर्धेत पहिला आला. जागा खडकाळ आणि दलदलीची होती. तिथे माणसंही राहत होती. सेनेका व्हिलेज ही प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांची वस्ती उठवून ती मोकळी केली गेली होती, आणि पार्कचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. आराखड्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे पार्क ओलांडणारे चार रस्ते. शहराची रहदारी तर अडवता येणार नव्हती. म्हणून दोघांनी हे रस्ते खोल खणून घेतले. गाड्या खालून जातात आणि वर फिरणाऱ्याला हिरवळ सलग दिसते. पाण्याचा निचरा, मातीची भर, झाडांची निवड अशी सगळी मेहनत, आणि ती दिसू नये याची तितकीच काळजी.

जून १८५९ मध्ये त्यांनी मेरीशी लग्न केलं, तेही पार्कच्याच आवारात. भावाची तिन्ही मुलं त्यांची झाली. वर्षभरात पहिला मुलगा झाला. ऑगस्ट १८६० मध्ये घोडागाडीच्या अपघातात ऑल्मस्टेडांच्या मांडीचं हाड मोडलं; काही दिवसांतच ते तान्हं बाळ आजारानं गेलं. पाय जन्माचा अधू झाला. तरी माणसांकरवी स्वतःला उचलून नेववत ते पार्कभर कामाची पाहणी करत राहिले. कामाचा हा झपाटा घरच्यांना जड गेला असणार. पुढेही ते महिनोन्‌महिने दौऱ्यावर असत. पण घर त्यांनी कामापासून तोडलं नाही. १८८३ मध्ये बॉस्टनजवळ ब्रुकलाइनला घेतलेल्या घरातच कचेरी थाटली आणि दुसऱ्याच वर्षी जॉन चार्ल्सला, म्हणजे भावाच्या थोरल्या मुलाला, भागीदार करून घेतलं. माझ्या लेखी त्यांच्यातला बाप इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. बॉस्टनच्या उद्यानांची हिरवी साखळी या घरातून आकाराला आली.

दुःखंही याच काळातली. भावाचं शेंडेफळ ओवेन चोविशीत गेला, भावाची मुलगी शार्लट हिला मानसिक आजार जडला. १८७० मध्ये जन्मलेल्या स्वतःच्या मुलाचं हेन्री हे नाव बदलून त्यांनी त्याला आपलं नाव दिलं होतं. त्याला आपल्या हाताखाली घडवण्याची त्यांना फार ओढ होती. नॉर्थ कॅरोलिनातल्या बिल्टमोर इस्टेटीचं काम चालू असताना त्याला तिथे शिकायला ठेवलं. पण १८९५ पर्यंत त्यांची स्मृती दगा देऊ लागली आणि त्यांना काम सोडावं लागलं. शेवटची वर्षं मॅक्लीन रुग्णालयात गेली, जिथल्या जागेबद्दल त्यांनीच पूर्वी सल्ला दिला होता. २८ ऑगस्ट १९०३ रोजी ते वारले.

तोवर जॉन चार्ल्स आणि हा धाकटा मुलगा अशा दोन्ही भावांनी 'ऑल्मस्टेड ब्रदर्स' नावानं कारभार हाती घेतला होता. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्टांची संघटना उभी राहिली, तेव्हा जॉन चार्ल्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. धाकट्यानं १९०० मध्ये हार्वर्डमध्ये या विषयाचं शिक्षण सुरू केलं. वडिलांनी १८६५ मध्येच योसेमिटीविषयीच्या अहवालात असं निसर्गवैभव सर्व लोकांसाठी राखणं हे सरकारचं कर्तव्य म्हणून मांडलं होतं. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला; त्यातलं, ही भूमी पुढच्या पिढ्यांसाठी अबाधित ठेवावी असं सांगणारं कलम याच धाकट्या मुलाच्या लेखणीतून उतरलं.